आत्यांचे पाय आणि नॉर्मल रिपोर्ट

माणसाला पोटाबद्दल विचारलं तर तो लाजतो, गुडघ्याबद्दल विचारलं तर कुरकुरतो, पण तळपायाबद्दल विचारलं की खुर्ची ओढून बसतो. आमचं कामच तळपायाबद्दल विचारायचं. त्यामुळे असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चपलेला चिखल लागत जातो तसे ते लागत जातात आणि घरी आल्यावर उंबऱ्यात झटकावे लागतात.

मी लॅब टेक्निशियन. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. माहेर निमगाव सावा, सासर येडगाव. म्हणजे तालुका बदलला नाही, फक्त रक्त काढायला जाताना गाडी कुठल्या फाट्यावर पकडायची ते बदललं.

गाडीत आम्ही चौघं. मॅडम, म्हणजे पुण्याहून येणाऱ्या नसांच्या डॉक्टर. कविताताई, आमच्या सीनियर सिस्टर. बाळूभाऊ ड्रायव्हर. आणि मी. मी फार बोलत नाही. त्यामुळे पेशंट मला सुईचाच एखादा भाग समजतात आणि माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात.

काम असं. काही माणसांचे तळपाय जळतात, टोचतात, चादरसुद्धा सहन होत नाही. पण तपासलं तर काही सापडत नाही. कारण अंगात जाड नसा असतात आणि फार बारीक नसाही असतात. तारा लावून करंट देणारी जी नेहमीची तपासणी आहे, ती जाड नसांची. बारीक नसांची वाट लागली तरी ते मशीन सगळं छान आहे म्हणतं. खरं काय ते बघायला घोट्याच्या वरची चिमूटभर कातडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. त्याऐवजी नुसत्या रक्तातच एखादी खूण सापडेल का, हे मॅडम शोधतायत. त्या खुणेला बायोमार्कर म्हणतात.

बाळूभाऊ मार्कर म्हणतात. गावात कुणी विचारलं, "काय राव, कसली गाडी?" की ते सांगतात, "मार्कर गोळा करतोय."

एका शाळेच्या गुरुजींनी आम्हाला फळ्यावरचे संपलेले मार्कर पिशवीभर आणून दिले. वर म्हणाले, "रिफिल करून मिळणार असतील तर निळे आधी द्या."

•

मध्यंतरी आमच्याबरोबर एक नवे डॉक्टर होते. शिक्षण सगळं महाराष्ट्राबाहेर. मराठी शिकत होते आणि प्रामाणिकपणे शिकत होते.

एक आजोबा त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "पायाला मुंग्या येत्यात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग काळजीने विचारलं, "लाल की काळ्या?"

मला वाटलं आजोबा आता उठून जाणार. पण आजोबांना इतक्या बारकाईने आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला.

"सकाळी काळ्या," ते म्हणाले. "दिवस कलला का लाल."

नंतर कविताताईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन मुंग्या येणं म्हणजे काय ते सांगितलं. ते लालबुंद झाले. मॅडमनी नोंद वाचली आणि म्हणाल्या, "खोडू नका. सकाळी झिणझिण, संध्याकाळी आग. याहून चांगली हिस्टरी मला कुणी आणून दिलेली नाही."

•

हे किस्से मी घरी एकाच माणसाला सांगते. आत्यांना. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या हसतात, पण मध्येच हसणं थांबवून विचारतात, "मग त्या म्हाताऱ्याला खरं मानलं का मॅडमनी?"

"मानलं."

"लगेच?"

आत्यांचे पाय बरीच वर्षं जळतायत. माघातल्या थंडीत सगळं घर गोधडीत गुंडाळलेलं असतं आणि आत्यांचे पाय तेवढे बाहेर, फरशीवर. दिवसा संधी मिळाली की मोरीत जाऊन पायावर पाणी घेणार. घरभर ओली पावलं. त्या पावलांवरून त्या कुठे आहेत ते कळतं.

तपासण्या सगळ्या झाल्या. साखर, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, ते करंटवालं मशीन. प्रत्येक वेळी रिपोर्ट एकच: नॉर्मल. दुसऱ्या कुणाच्या घरी नॉर्मल रिपोर्ट आला की सुटकेचा श्वास टाकतात. आमच्याकडे नॉर्मल आला की आत्या गप्प होतात आणि मामा बोलायला लागतात.

मामा माणूस वाईट नाही. एसटीत कंडक्टर होते. ज्याच्याकडे तिकीट नाही तो प्रवासी नाही, एवढा साधा हिशोब. "आग हाय म्हणती तर कागदावर का नाय येत?" ते विचारायचे. "कांदं लावायच्या टायमालाच बरी आग व्हती." शेवटच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या देऊन "मन रमवा" असं सांगितलं, तेव्हापासून मामांनी एक वाक्य पक्कं केलं होतं. पाहुणेरावळे आले की ते ऐकवायचे: "रिपोर्ट नॉर्मल हाय. बाईच नॉर्मल नाय."

पाहुणे हसायचे. माझा नवरा अमोलही आधी हसायचा. लग्नानंतर कमी हसायला लागला, कारण मी त्याच्याकडे बघायचे.

पण मला खरी भीती वाटली ती एका दुपारी. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "येवढी मशीनं खोटं बोलतील व्हय गं? मला बी आता वाटतं, मी सोंगच करत असंल. फक्त मला कळंना, सोंग करायचं थांबवायचं कसं."

आणि पाय उचलून पाण्याच्या परातीत ठेवले.

•

आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या एका वाडीत, एक आजी आल्या. कविताताई टॅबवर प्रश्न विचारत होत्या. प्रश्न असा की, शून्य म्हणजे दुखणं अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होणारं, तर तुमचं किती?

"सहन न व्हऊन मग काय करतं माणूस?" आजींनी विचारलं.

कविताताईंनी टॅबवर बोट वरखाली फिरवलं. तिथे याचं उत्तर नव्हतं.

"अंदाजे सांगा ना आजी."

"बारा आणे."

"तसं नाही. दहापैकी सांगा."

"दहा आण्याचा रुपया कुठं असतो?" आजी म्हणाल्या, आणि ताईंकडे अशा बघायला लागल्या, जणू दुखणं ताईंनाच आहे आणि ते पायात नाही, वर आहे.

बारा आणे म्हणजे साडेसात. टॅबला साडे चालत नाही. शेवटी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, आठ लिहा.

ताईंनी आजींना सांगितलं, "आठ लिहिलंय हां आजी."

आजी उठायला लागल्या होत्या, त्या परत बसल्या. "आट आणे? येवढं कमी नाय बाई माझं. खोड ते."

•

प्रत्येक संशोधनात आजारी माणसांबरोबर धडधाकट माणसंही लागतात. तुलना करायला. त्यांना कंट्रोल म्हणतात.

निमगाव साव्याला कॅम्प होता. माझं माहेर, म्हणून तिथे सांगावा धाडायचं काम माझ्याकडे. मी ग्रामपंचायतीत फोन करून सांगितलं की पेशंट तर यावेतच, पण कंट्रोलही पाहिजेत. त्यांनी स्पीकरवरून पुकारलं: "कंट्रोलसाठी उद्या सकाळी देवळापाशी जमावे."

आता आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी लहानपणापासून कंट्रोलची साखर खाल्लेली आहे. पण एकदा माणसाला डिप्लोमा मिळाला की शब्दाचा एकच अर्थ उरतो.

सकाळी गाडी पोचली तर देवळापासून पाराच्याही पुढे लाइन. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि रेशनकार्ड. लाइनीत माझी सख्खी काकू, तिच्याकडे दोन पिशव्या.

"आलात का," पहिल्या नंबरचे काका म्हणाले. "गहू का तांदूळ?"

बाळूभाऊंनी गडबडीत सांगितलं, "गहू नाय काका. आपल्याला रक्त घ्याचंय."

काकांनी कार्ड खिशात ठेवलं आणि मागे वळून लाइनीला बातमी दिली. "ऐका रं. पयली सही व्हती. मग अंगठा आला. आता रक्त."

लाइनीत थोडी कुजबुज झाली. मग काकांनी बाही वर केली. त्यांच्या मागच्यांनीही बाह्या वर केल्या. एकही जण लाइन सोडून गेला नाही.

मॅडमना घाम फुटला. कारण समजून-उमजून संमती दिल्याशिवाय एक थेंबही घेता येत नाही. त्या पारावर उभ्या राहिल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. हे धान्य नाही, हे संशोधन आहे, तुम्हाला यातून काहीही मिळणार नाही, नको असेल तर आत्ता घरी जा. असं स्पष्ट बोलणारं अधिकारी माणूस गावाने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. बरेचसे थांबले. "आलोय तर घ्या," म्हणाले.

काकूचं रक्त मीच घेतलं. सुई काढून कापूस दाबला तेव्हा ती माझ्या कानाशी आली. "मला खरं सांग. घरचंच माणूस हाय मी. गहू कवा येणार?"

•

लेण्याद्रीच्या पायथ्याला माकडं फार. तिथे गाडी थांबवायची नाही असा मॅडमचा नियम, आणि चहा तिथेच चांगला मिळतो असं बाळूभाऊंचं मत.

आमच्या गाडीत एक जाड पांढरी पेटी असते. रक्ताच्या नळ्या कडक गोठलेल्या राहाव्यात म्हणून तिच्यात सुका बर्फ असतो, ज्याचं पाणी होत नाही, नुसता धूर होतो. एकदा मागचं दार नीट लागलं नव्हतं. एक थोराड माकड आत शिरलं आणि पेटीत केळी असणार अशा खात्रीने त्याने झाकण उचललं.

धुराचा लोट बाहेर आला. माकडाने पेटीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि झाकण परत लावलं. शपथेवर सांगते, लावलं. मग शांतपणे उतरून झाडावर जाऊन बसलं.

त्या दिवसापासून एकही माकड आमच्या गाडीच्या आसपास येत नाही. पायथ्याच्या पेरू विकणाऱ्या मावशी आता बाळूभाऊंना हाक मारून सांगतात, "भाऊ, गाडी माझ्या पाटीशेजारी लावा की. चा मी पाजते."

•

आंबेगावच्याच एका वस्तीवर मॅडम समजावून सांगत होत्या. नस खराब झाली की तिच्यातले काही कण सुटून रक्तात येतात, ते आम्ही शोधतोय. अजून खात्रीने सांगता येत नाही, म्हणूनच इतक्या लोकांचं रक्त घेतोय.

एका बाप्याने हात वर केला. "सापडलं कण, तर ते परत जाग्यावर बसवता येत्यात का?"

"नाही."

"मग आग थांबती का?"

"कारण सापडलं तर कधी कधी कमी करता येते. दर वेळी नाही."

"मग शोधून काय उपेग?"

मॅडम हुशार आहेत, त्यांच्याकडे अशा वेळी द्यायला चार-पाच चांगली उत्तरं असतात. त्या दिवशी त्यांनी त्यातलं एकही दिलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं तरी कागदावर येईल."

बाप्या शेजारच्या बाईकडे वळून म्हणाला, "चल, तू बस आदी." बाई त्याची बायको होती. पाय तिचे जळत होते. तो नुसता विचारायला आला होता.

संध्याकाळी हा किस्सा मी आत्यांना सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येडगावला कवा येणार तुमची गाडी?"

•

येडगावच्या कॅम्पला आत्या आल्या, आणि त्यांच्या मागून मामाही आले. आत्यांची सगळी तपासणी कविताताईंनी केली. घरच्या माणसाचं मी करायचं नाही असं काकूच्या गव्हानंतर ठरलं होतं. मी शेजारच्या टेबलावर नळ्यांना चिठ्ठ्या लावत होते आणि कान तिकडे होते.

मॅडमनी टोकदार काडी, कापूस, थंड आणि कोमट नळी असं एकेक करून आत्यांच्या पायाला लावलं. कापूस लावल्यावर आत्यांनी पाय ओढून घेतला.

"कापूस लागतो?" मॅडमनी विचारलं.

आत्या एकदम घाबरल्या. चोरी सापडल्यासारख्या. "नाय नाय. कापूस कसा लागंल? मीच येडी. परत लावा, नाय हलवणार."

मॅडम म्हणाल्या, "हलवा. तुम्हाला वाटेल तेव्हा हलवा. मला तेच बघायचंय."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी उलटी लावली होती.

मग मॅडमनी नीट सांगितलं की रक्ताचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, ते अजून संशोधनातच आहे. पण रक्ताशी पडताळायला आम्ही कातडीही तपासतो, आणि कातडीचा रिपोर्ट मात्र पेशंटला देतो. जागा बधीर करून छोटासा तुकडा घ्यावा लागेल. चालेल?

आत्यांनी हो म्हणायच्या आत मामा मागून बोलले. "बाई, रक्त झालं, करंट झाला. आता कातडं काढता? आन् त्यात बी नॉर्मल आलं, मग?"

हा प्रश्न खरा होता. तिथे कुणी हसलं नाही. नॉर्मल आलं तर आत्यांकडे दाखवायला पुढे काहीच उरणार नव्हतं. सोंगावर कायमचा शिक्का.

"तर मी बी मान्य करीन," आत्या मामांकडे न बघता म्हणाल्या. "मग नाव काढणार नाय पायाचं. घ्या, मॅडम."

मामा बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परत आले. म्हणाले, "तुमाला ती धडधाकट माणसं लागत्यात नव्हं? माझं बी घ्या. मला काय बी व्हत नाय."

मामांची तपासणी झाली. खरंच काही होत नव्हतं. मामा कंट्रोल झाले.

संध्याकाळी मी पेटी भरली. नंबर लागोपाठचे होते, म्हणून दोघांच्या नळ्या एका डब्यात, शेजारी-शेजारी. घरी त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद होती.

•

रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर आत्या पायांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मोरीत जाणंही कमी केलं. फरशी कोरडी राहायला लागली, आणि मला त्या कुठे आहेत ते कळेनासं झालं.

रिपोर्ट आला तो मॅडमनी आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी माझ्या. घरी ओट्यावर बसून मी वाचला. इंग्रजीत होता. मराठी करून सांगितलं, की कातडीतल्या बारीक नसा जेवढ्या असायला हव्या त्याहून बऱ्याच कमी आहेत.

"म्हंजी?" आत्या म्हणाल्या. "नॉर्मल नाय?"

"नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"त्यात नॉर्मल शब्द कुठं हाय का बघ."

मी बघितलं. नव्हता.

आत्या उठल्या, कमरेची पिशवी काढली आणि अमोलला हाक मारली. "नारायणगावला जा. पेढं आण. चांगलं आण, भुगा आणू नको."

नव्या सुनेच्या घरात पेढे आले की गल्लीला एकच गोष्ट कळते. पहिल्या दारातच शेजारच्या मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "कितवा?"

"तसं काय नाय," आत्या म्हणाल्या. "माझा रिपोर्ट खराब आला."

मावशींच्या तोंडात पेढा होता. तो आता गिळावा की काढावा, हे त्यांना ठरवता येईना.

"लई खराब," आत्या अभिमानाने म्हणाल्या. "बारीक नसा जळाल्यात माझ्या. कागद हाय घरात, बघायला ये."

गल्लीभर असंच. तरी तीन घरांत मला जपून राहायला सांगितलं, आणि एका घरातून कैऱ्या आल्या.

मामांनी पेढा घेतला नाही. रिपोर्ट घेतला. इंग्रजी येत नसताना चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. घडी घालून परत दिला. रात्री जेवताना पाहुणे होते. पाहुण्यांनी जुन्या ओळखीने विचारलं, "काय मग, बाई नॉर्मल झाली का?" मामांनी आमटी ओढून घेतली आणि म्हणाले, "पावणं, भात वाढून घ्या."

औषध सुरू झालंय. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की आग थोडी कमी होईल, जाणार नाही. थोडी कमी झालीय. आत्या म्हणतात, चार आण्यांनी.

•

आता गेल्या महिन्यातलं.

आत्यांच्या भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, ओतूरला. या माहेरात आत्यांची एक ख्याती आहे: येडगावची आत्या पाय देत नाय. कुणी पाया पडायला वाकलं की ती पाय खुर्चीखाली ओढून घेते. थोरल्या भाचीच्या लग्नात नवरी वाकली, तिच्या हातातल्या बांगड्या आत्यांच्या पावलाला लागल्या, आणि आत्या सगळ्यांदेखत "हात नगं लावू" असं ओरडल्या. भावाला ते लागलं. तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी मोजकंच बोलतो. आम्हाला पत्रिका आली तीही माणसाच्या हाती, तो स्वतः आला नाही. माझ्या लग्नातही मी वाकले तेव्हा आत्यांनी पाय मागे घेतले होते आणि मी मांडवातच ठरवून टाकलं होतं की या बाईला मी आवडलेली नाही.

आत्यांना लग्नाला जायचं नव्हतं. "पोरीचा पुन्ना हिरमोड व्हायचा," म्हणाल्या. मामा म्हणाले, "जायचं." एवढंच.

बुद्धवंदना झाली, फुलं पडली, हार झाले. मग पांढऱ्या साडीतली नवरी आणि नवरा वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पहिल्या रांगेतून निघाले. त्यांच्या मागे करवल्या, त्यांच्या मागे सगळी पोरंसोरं. आत्या टोकाच्या खुर्चीत. लांबूनच त्यांना वाकणारी रांग दिसत होती. त्यांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि पाय खुर्चीखाली घेतले नव्हते. पुढेच ठेवले होते. या वेळी हलवायचे नाहीत असं ठरवून आल्या होत्या, हे त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. भाऊ मंडपाच्या खांबापाशी उभा राहून बघत होता.

नवरी-नवरा दोन खुर्च्या अलीकडे आले, तेव्हा मामा शेजारच्या खुर्चीतून उठले. चपला काढल्या. आत्यांच्या बरोबर पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

नवरी गोंधळली. "मामा, आत्याच्या पाया पडायचंय."

"हितंच पड," मामा म्हणाले.

"तुमच्या पडते की. पण आत्याच्या?"

"आमचं जॉइंट खातं हाय," मामा म्हणाले. "कुठल्या बी खिडकीवर भरा. जमा तिच्याकडंच व्हतं."

नवरी वाकली. नवरा वाकला. मग मामांनी दोघांना खांद्याला धरून परत वाकवलं. "ही माझी झाली. आता तिची." मागची रांगही तशीच, प्रत्येकाची दोन-दोनदा. पोरांना खेळच मिळाला, काही जण तिसऱ्यांदा आले. मामा कंडक्टरसारखे उभे, "चला, पुढं सरका, पुढं सरका." खांबापाशी उभा असलेला भाऊ हळूहळू पुढे आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला.

त्याचा नंबर येईपर्यंत मामा हलले नाहीत. मागून आत्यांचा आवाज आला.

"अवं, जरा बाजूला व्हा की. मला नवरी दिसंना."